पेटिंगिलांच्या घरातली गुंतवळाची डबी

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची डबी आहे. माझ्या झाकणाला मधोमध अंगठा जाईल एवढं भोक आहे. ते फुटून पडलेलं नाही, भट्टीत घालण्याआधीच कारागिराने नीट कोरलेलं आहे, हे आधीच सांगून टाकते. कारण मला पाहणारा प्रत्येक शहाणा पहिल्यांदा तेच विचारतो. कोणी मला साखरेची डबी म्हणतं, कोणी लोकरीचा गुंडा ठेवायची म्हणतं. एका बाईंनी तर माझ्यात माती भरून पुदिना लावला होता. खरं सांगितलं की हेच लोक नाक मुरडतात. मी केस ठेवायची डबी आहे. विंचरताना फणीला जे गुंतवळ येतं, ते बोटाभोवती गुंडाळायचं आणि भोकातून माझ्या पोटात सोडायचं, एवढंच माझं काम. शी म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या. पुढे मध्ये बोललेलं मला चालणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो आजकालचा नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडे इंग्लंडातला. पेंढ्यात गुंडाळून आधी जहाजातून आणि मग कालव्यातल्या नावेतून, जिला काठावरून खेचरं ओढत, मी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला आले. ओंटारिओ सरोवराच्या काठचा तो सफरचंदांचा मुलूख. तिथे एका बाईने लेकीच्या लग्नात मला तिच्या हातात ठेवलं. ती लेक पेटिंगिलांच्या घरी गेली, तिला इलेक्टा, आल्मेडा, फिलेना आणि टर्झा अशा चार मुली झाल्या, आणि मग सगळं घर तिला आई म्हणू लागलं. मीही आईच म्हणते. तिचा नवरा एब्नर पेटिंगिल मात्र तिला मिसेस पेटिंगिल म्हणायचा. जेवताना मीठ हवं असलं तरी, "मिसेस पेटिंगिल, मीठ सरकवा." शेजारीण असावी तशी.

त्या गावात आजही तुम्ही गेलात, तर लांब केसांच्या पेटिंगिल बहिणींचा इतिहास कोणीही सांगेल. बाप मोठा डोकेबाज. पोरी नुसत्या नटव्या, दिवसभर आरशापुढे. अन् शेवटी एकमेकींच्या केसांवर जळून त्यांनी एकमेकींचे केस कापले आणि भरल्या घराचं वाटोळं केलं. गावातले आजोबा नातवांना हेच सांगतात आणि नातवंडं फिदीफिदी हसतात. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी त्या घरात होते. ज्या दिवशी ती कात्री चालली, त्या दिवशी मी त्याच टेबलावर होते. मला कोणी विचारलं का? मग आता ऐका.

दर शनिवारी दुपारी आई चौघींना घेऊन मागच्या ओसरीवर बसायची. पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी, अंडं आणि सफरचंदाचा सिरका, एवढ्यावर तिने ते केस वाढवले. तिच्या माहेरच्या सगळ्याच बायकांचे केस गुडघ्याला लागायचे. या पोरींचे घोट्यापर्यंत पोचले. एकीचे विंचरून होईपर्यंत दुसरी वाटाणे सोलायची. आणि विंचरताना आई गायची. तिचा आवाज जाडसर, खालच्या पट्टीतला, ऊब असलेला. फणी वरून खाली येईपर्यंत गाण्याची एक ओळ. चौघींना चार वेगवेगळ्या पट्ट्यांत तिने असंच गायला शिकवलं. मी अजूनही छातीठोकपणे सांगते, त्या पोरी गाणाऱ्या होत्या. केस त्यांच्या डोक्यावर होते, इतकंच.

चर्चच्या जत्रेत त्यांना पहिल्यांदा उभं केलं तेव्हा लोक गप्पा मारत मका खात बसले होते. मध्येच धाकट्या टर्झाच्या अंबाड्याचा आकडा निसटला आणि केस धबाबा जमिनीवर आले. लोक बाकांवर चढून पाहू लागले. एब्नर धड शेतकरी नव्हता आणि धड उपदेशकही नव्हता. टर्की पाळायच्या तर त्या कोल्ह्याने न्याव्यात, प्रवचन करावं तर लोकांनी डुलक्या घ्याव्यात. पण त्या दिवशी त्याला आपला धंदा सापडला. पांढरे झगे शिवले गेले. गावोगावची सभागृहं ठरली. आधी तीन गाणी, मग बापाने काठी आपटायची, चौघींनी लोकांकडे पाठ करायची आणि केस सोडायचे.

पहिल्या दौऱ्यावरून परत आल्यावर टर्झा स्वयंपाकघरात आईच्या मागे मागे फिरत होती.

"आई, लोक टाळ्या कधी वाजवतात माहितीये? आम्ही पाठ फिरवली की."

"गाण्याला नाही वाजवत?"

"गाण्याला खोकतात."

आई हसली, पण पोळपाटावरचं पीठ तिने जरा जोरातच थापलं.

मग बाटल्या आल्या. पेटिंगिल भगिनींचं केशवर्धक. चौघींचं चित्र छापलेला कागद, वर लाल लाखेचं बूच. आईने एक बाटली उघडून नाकाशी धरली.

"यात आहे तरी काय?"

"लोकांची आशा आहे, मिसेस पेटिंगिल," एब्नर म्हणाला.

"आशेला दारूचा वास येतो वाटतं," आई म्हणाली, आणि बाटली खिडकीत ठेवून टर्कींना दाणे टाकायला गेली. तिने ते पाणी पोरींच्या डोक्याला कधी लागू दिलं नाही. पण बाटल्यांवर छापलेलं होतं की याच औषधाने हे केस वाढले. पिंपातल्या पाण्याचं आणि आईच्या हाताचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं.

एकदा फोटो काढणारा घरी आला होता. चौघींना बागेत उभं केलं. केसांची टोकं चिखलाला लागू नयेत म्हणून आईने ती मागून उचलून धरली होती. एब्नर म्हणाला, "मिसेस पेटिंगिल, हात जरा खाली, तुमचा हात दिसतोय." झालं. त्या माउलीचा हातसुद्धा फोटोत आला नाही. अख्ख्या घरात पोरींचे ढीगभर फोटो आणि आईचा एकही नाही. मला तेव्हाच काहीतरी खुपलं होतं.

आता एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या मुलखात माणूस गेलं की त्याचे केस बारीक तारेवर गुंफून त्यांची फुलं-पानं करायची, आणि घोड्याच्या नालासारखी माळ करून, तिचं तोंड वर ठेवून, काचेच्या चौकटीत बैठकीच्या खोलीत लावायची. आईच्या बैठकीत अशी एक माळ होती. तिच्या आईचे करडे केस आणि तान्हेपणीच गेलेल्या तिच्या मुलाचं पिवळसर जावळ. रोज सकाळी ती त्या चौकटीवरून फडकं फिरवायची.

म्हणून माझ्यात फक्त आईचं गुंतवळ असायचं. पोरींचं वेगळं, कागदाच्या पुड्यांत. शेजारच्या लोइस काकू एकदा म्हणाल्या, "अगं, एवढं कशाला साठवतेस? भरल्या घरात असलं काही बोलू नये, पण तू काय एवढ्यात जात नाहीस."

"फोटो तर नाहीच माझा," आई म्हणाली. "केस तरी असू देत पोरींना. कधी विसरल्या तर काचेला हात लावतील."

तेव्हा तिला खोकला लागलेला होता. पोरी दौऱ्यावर गेल्या की टर्की, सफरचंदं, धुणं, पिंपं, सगळं तिच्याच अंगावर. पोरींनी एकदा सांगितलंही, "बाबा, या खेपेला आई बरी होईपर्यंत थांबू या." एब्नर म्हणाला, "तुमची आई घोड्यासारखी धडधाकट आहे." घोड्याला तरी थकलं की पागेत बांधतात.

झाडांना मोहोर यायच्या सुमाराला आई गेली. पोरी तेव्हा पिट्सबर्गला होत्या. उशाशी एकट्या लोइस काकू. त्यांनी निरोप पाठवला; तो एब्नरला मिळाला, आणि ठरलेले सगळे खेळ संपेपर्यंत त्याने तो पोरींना कळू दिला नाही. त्या चौघी पांढरे झगे घालून गात होत्या, पाठ फिरवत होत्या, केस सोडत होत्या, आणि इकडे त्यांची आई मातीखाली गेली. घरी आल्यावर त्यांना ओला ढिगारा दिसला.

"बाबा, तुम्हाला कळलं होतं," थोरली इलेक्टा म्हणाली. "आधीच कळलं होतं तुम्हाला."

"सभागृह ठरलेलं होतं. तुम्ही रडला असतात तर ती परत येणार होती का?"

 इलेक्टा माझ्यापाशी आली. तिने मला दोन्ही हातांनी उचललं, झाकणाला कान लावला, जसं काही आतून ऐकू येणार होतं, आणि भोकावरून काळी फीत आवळून बांधली. "बर्फ पडलं की दौरा थांबतो," ती बहिणींना म्हणाली. "तेव्हा चौघी बसून आईची माळ करू. तोवर कोणी हात लावायचा नाही." मला फार अभिमान वाटला. आईचं जे काही उरलं होतं, ते माझ्यापाशी होतं.

आता जे सांगते ते नीट ऐका.

पानगळीच्या दिवसांत एब्नर एकटाच बाटल्यांची खोकी न्यायला घरी आला. त्याने एक नवी टूम काढली होती: प्रत्येक बाटलीबरोबर पेटिंगिल बहिणींच्या केसांची खरीखुरी बट, लाल दोऱ्याने बांधलेली. पोरी डोक्यावरचे केस कापू देईनात, आणि त्यांच्या गुंतवळाच्या पुड्या पहिल्याच खोक्याला संपल्या होत्या. भर दुपारी, स्वयंपाकघरात, मक्याची भाकरी काकवीत बुडवून खात असताना त्याची नजर फडताळावर गेली. तिथे मी होते.

त्याने फीत सोडली. घाईघाईने नाही, चोरासारखं तर मुळीच नाही. स्वतःची तंबाखूची पिशवी सोडावी तशी सोडली. झाकण काढून त्याने आईचं सगळं गुंतवळ टेबलावर उपडं केलं. तरुणपणचे तांबूस केस, पोरी झाल्या तेव्हाचे, आजारपणातले. मग काकवीने चिकट झालेली बोटं विजारीला पुसून तो ते निवडायला बसला, बाजारात वाटाणे निवडतात तसे. पोरींच्या केसांच्या रंगाचे एका बाजूला. पांढरे झालेले दुसऱ्या बाजूला. आणि ते पांढरे, मित्रांनो, त्याने चुलीचं झाकण उचलून आत टाकले. जळक्या केसांचा वास घरभर पसरला. तो उठला, त्याने खिडकी उघडली आणि उरलेल्या बटा बांधत शीळ घालू लागला. शीळही आईच्याच गाण्याची, आणि तीही बेसूर.

नंतर त्याने झाकण लावून फीत होती तशी बांधून ठेवली. मी काय करणार? मी मातीची. फुटता आलं असतं तर त्याच्या पायावर पडून फुटले असते. ते माझ्या हातात नव्हतं. आईचे केस बाटल्यांबरोबर कुठल्या कुठल्या गावी गेले. कोणाच्या खणात पडले, कोणी केरात टाकले, देव जाणे. विकत घेणाऱ्यांना वाटलं की या तरण्या नटव्यांच्या बटा आहेत.

बर्फ पडलं. दौरा थांबला. एका सकाळी लोइस काकू तार, मणी आणि विणकामाच्या सुया घेऊन आल्या. बैठकीतली शेगडी पेटली. चौघी टेबलाभोवती बसल्या. एब्नर खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होता. उठून जाण्याइतकंही त्याला काही वाटलं नाही. इलेक्टाने मला मधोमध ठेवलं, फीत सोडली आणि दोन बोटं आत घातली.

तिची बोटं माझ्या तळाला लागली.  मग टर्झाने मला उचलून उलटं केलं आणि हलवलं. काही पडलं नाही.

"कोणी काढले?" इलेक्टाने विचारलं. बहिणी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"मी," वर्तमानपत्रामागून एब्नर म्हणाला. "बाटल्यांना हवे होते. वाया नाही गेले काही. तुमच्या आईला आनंदच झाला असता. आयुष्यात दाणा वाया घालवला नाही बिचारीने."

फिलेना नेहमी कमी बोलायची. ती म्हणाली, "बाबा, ते आईचे होते."

"मग माझीच बायको होती ना? परक्याचं का काही घेतलं मी? आणि केस ते केस, त्यात काय एवढं? तुमच्या डोक्यावर ढिगाने आहेत."

लोइस काकूंनी सुया खाली ठेवल्या. "एब्नर पेटिंगिल," त्या म्हणाल्या, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात असं ऐकून होते. आज एकाच्या घरी बसलेय."

"काकू, तुम्ही आमच्या घरच्या गोष्टीत पडू नका."

"मी पडले नाही. तुझी बायको गेली तेव्हा तू कुठे होतास? मी होते तिच्या उशाशी."

इलेक्टा तोवर उठून स्वयंपाकघरात गेली होती. ती आली तेव्हा तिच्या हातात कापड बेतायची मोठी कात्री होती. ती खुर्चीत बसली, अंबाडा सोडला, ते सगळे केस पुढे मांडीवर घेतले.

"लेक्टे, थांब," लोइस काकू घाबरून म्हणाल्या. "जिवंत माणसाचे केस माळेत घेत नाहीत गं. अपशकुन असतो तो. आजवर कोणी घेतले नाहीत."

"काकू, या केसांवर आईचा हात फिरलाय, दर शनिवारी. हे तिचेच आहेत. मी नुसती वागवत होते."

"इलेक्टा!" आता एब्नर उठला. "कात्री ठेव खाली. बर्फ वितळलं की बफेलो शहरातलं सभागृह ठरलंय. लोकांना दाखवू काय मी?"

"गाणं ऐकवा त्यांना."

"गाणं?" एब्नर ओरडला. "गाणं कोण ऐकतंय तुमचं?"

 इतकी वर्षं पोरींना जे मनातून ठाऊक होतं, ते बापाने तोंडाने सांगून टाकलं होतं.

"आई ऐकायची," फिलेना म्हणाली.

इलेक्टाने कात्री चालवली. मोठ्या कात्रीलाही ते केस एका घासात तुटेनात, तिला करकर करत कापावे लागले. मग तिने कात्री फिलेनापुढे धरली. फिलेनाने कापले. टर्झाने कापले, आणि मान इकडे-तिकडे हलवून पाहिली, कारण इतकं हलकं डोकं तिला जन्मात माहीत नव्हतं. आल्मेडाचा मात्र केसांवर फार जीव होता. ती रडली, एकदा कात्री खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि वीतभर टोकं कापून टेबलावर ठेवली. तिला कोणी काही बोललं नाही. तेवढ्यालाही आईचा हात लागलेला होता.

लोइस काकूंनी अपशकुनाचं पुन्हा नाव काढलं नाही. त्यांनी नाकावर चष्मा चढवला आणि तार हातात घेतली. संध्याकाळपर्यंत पहिलं फूल झालं. ते गुंफताना चौघी गात होत्या, आईने शिकवलेल्या चार पट्ट्यांत. त्या घरात टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं आणि खोकायलाही कोणी नव्हतं. एब्नर बाहेर निघून गेला होता.

तो गेला तो थेट बफेलोला, वर्तमानपत्रवाल्यांकडे. खेळ का मोडला हे सांगायला नको का? आणि उरलेल्या बाटल्याही विकायच्या होत्या. मग त्याने सांगितलं की पोरी एकमेकींच्या केसांवर जळल्या, भांडल्या, झोंबल्या. लोकांना ते फार आवडलं. बायका म्हणजे अशाच, असं म्हणून त्यांनी पानं उलटली. तेव्हापासून तीच गोष्ट चालू आहे. चोर तो चोर आणि वर शिरजोर! इलेक्टाने एकदा खरं काय ते सांगून पाहिलं, तर समोरच्या माणसाने तिलाच विचारलं, "पण मग सर्वांत लांब केस होते कोणाचे?"

पुढे चौघी आपापल्या वाटेने गेल्या. इलेक्टाने चर्चमध्ये मुलांना गाणं शिकवलं. केस तिने पुन्हा खांद्याखाली जाऊ दिले नाहीत. मग एकेक करत चौघीही वारल्या, घर विकलं गेलं, आणि मी लिलावात या हातातून त्या हातात फिरले. कोणी पोटात भरलेली बटणं सोसली, पुदिना सोसला. शेवटी गावाने जुन्या वस्तूंची एक खोली उघडली, आणि ती माळ आणि मी एकाच कपाटात आलो. माळेखाली पाटी आहे: 'भांडणात कापलेले पेटिंगिल बहिणींचे केस.' माझ्याखाली तर पाटीच नाही. गावाच्या दफनभूमीत आईचा दगड आहे. त्याच्यावर कोरलंय, 'एब्नर पेटिंगिल यांची पत्नी.' एवढंच. फोटोतून हात काढला, डबीतून केस काढले, आणि दगडावरून नावही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळेच सांगतात. जपाच. पण नुसतं फडकं मारून त्या जपल्या जात नाहीत. एखादी गोष्ट कोणाची होती, हे तिच्याबरोबर जपलं नाही, तर ती पहिल्या चोराचीच होऊन बसते. कोणी तुम्हाला हसत हसत सांगू लागलं की अमक्या घरच्या बायका अशा आणि तशा, तर त्याला विचारा, हे तुला सांगितलं कोणी, आणि तो तेव्हा काय विकत होता?

आणि माझं एक काम करा. लग्नाच्या दिवशी मला आईच्या हातात ठेवताना तिच्या आईने तिला नावाने हाक मारली होती. शेवटच्या सकाळी लोइस काकूंनी मारली होती. मधल्या सगळ्या वर्षांत मी ते नाव कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. तिचं नाव हेप्सिबा होतं. एकदा मोठ्याने म्हणा.